वकीलकाकांचा हिशेब

घर सोडून गेलेल्या भाडेकरूकडून थकलेलं भाडं वसूल करणं, हा काही कुणाची आठवण लिहावी असा विषय नव्हे. पण माझ्या पन्नाशीनंतरच्या आयुष्याला वळण लागलं ते याच रुक्ष कामातून. ते ज्यांच्यामुळे निभावलं त्या वकीलकाकांचं ऋण कुठेतरी लिहून ठेवावं, असं बरेच दिवस मनात होतं. आपलं नाव छापून आलेलं त्यांना आवडलं नसतं, म्हणून इथे ते नुसते वकीलकाका.

मी मूळची मिरजेची. लग्न होऊन बेंगळुरूला आले ती गवीपुरम भागात. गोसाई मठापासून चालत जाण्याच्या अंतरावर सासऱ्यांनी बांधलेलं दुमजली घर. खाली आम्ही, वर भाडेकरू. भाडं घेणं, पावती देणं, करारनामा, बेस्कॉमचं विजेचं बिल हे सगळं यजमानांचं खातं. वरच्या मजल्याचं भाडं किती येतं हेही मला नक्की ठाऊक नव्हतं, आणि त्याचं मला कधी काही वाटलंही नाही. कन्नड येत होतं ते भाजीवाल्यापुरतं.

वरचा भाडेकरू सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, विट्याकडचा. धंदा गलाईचा. त्या भागातली माणसं पिढ्यानपिढ्या सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. दागिन्यांचा बाजार असलेल्या बहुतेक मोठ्या गावांत त्यांची दुकानं सापडतात. याचं दुकान नगरतपेठेत, एका बोळात. बेंगळुरूत घर भाड्याने घेताना दहा महिन्यांचं भाडं अडव्हान्स म्हणून ठेवण्याची रीत होती. भाडं ९ हजार, म्हणजे ९० हजार व्हायला हवे होते. पण आपल्याकडचा माणूस म्हणून यजमानांनी ५० हजारांवर भागवलं.

२०१४ साली यजमान गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत भाडं यायचं थांबलं. सुरुवातीला तो स्वतः खाली येऊन सांगायचा, “वहिनी, पुढच्या महिन्यात सगळं एकदम देतो.” मग येणं बंद झालं. मग जिन्यात गाठ पडू नये अशा वेळा साधून जाणं-येणं सुरू झालं. मी दुःखात होते, त्यात हा अपमान. नात्यातल्या एकाने सल्ला दिला, “पाणी तोड, ते गावाला गेले की कुलूप बदल. आपोआप जातील.” मला तो सल्ला पटला होता. प्लंबरला फोन करायचा तेवढा राहिला होता.

शेजारच्या बाईंनी तेवढ्यात मला चामराजपेठेत वकीलकाकांकडे नेलं. त्यांचं घराणं फार पूर्वी तंजावरकडून आलेलं. घरात मराठी, बाहेर कन्नड, त्यामुळे त्यांच्या मराठीला कन्नडचा हेल. पुढच्या खोलीत ऑफिस. आम्ही टेकलो तशी पहिला प्रश्न, “ऊट आयता?” जेवण झालंय का, हे विचारल्याशिवाय त्यांनी कुणाचा खटला ऐकला नसावा.

माझं सगळं बोलणं त्यांनी मधे न तोडता ऐकलं. मग म्हणाले, “ताई, कुलूप बदललंत तर सहा महिन्यांच्या आत तो कोर्टात जाईल आणि ताबा परत घेईल. तिथे घर कुणाचं हा प्रश्नसुद्धा निघणार नाही. आज तुम्ही फिर्यादी आहात, उद्या आरोपीसारखं उभं राहावं लागेल.” विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ६ त्यांनी समजावलं. कायद्याच्या मार्गाने न जाता कुणाला घराबाहेर काढलं, तर त्याला आधी घरात घ्यायचं आणि मग भांडायचं, असा त्याचा सरळ अर्थ.

माझ्या डोक्यात दुसरीही एक समजूत घट्ट बसली होती, की एकदा भाडेकरू घरात शिरला की तो निघत नाही. ती जुन्या भाडेनियंत्रणाच्या काळातली. वकीलकाकांनी सांगितलं, की कर्नाटकाचा १९९९ चा भाडे कायदा २००१ च्या अखेरीस लागू झाला, आणि बेंगळुरूसारख्या शहरात महिना साडेतीन हजारांच्या वर भाडं असलेली घरं त्याच्या कक्षेबाहेर ठेवली गेली. आमच्या घराला लागू होतो तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. अकरा महिन्यांचा करार केव्हाच संपलेला, तरी तो राहतोय आणि आपण भाडं घेत आलो, म्हणजे तो महिन्याच्या बोलीचा भाडेकरू. पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची, मुदत संपली की दावा. हे सगळं ऐकताना मला पहिल्यांदा जरा धीर आला. आपल्याला पडलेला प्रश्न आधी अनेकांना पडला आहे आणि त्याची वाट कुणीतरी आखून ठेवली आहे, हे कळणंसुद्धा त्या दिवसांत फार होतं.

पुढच्या वेळी त्यांनी यजमानांच्या डायऱ्या आणायला लावल्या. कोर्टाच्या कामकाजाच्या जुन्या याद्यांचे पाठकोरे कागद त्यांच्याकडे गठ्ठ्याने असत. त्यातला एक माझ्यासमोर ठेवला, पट्टीने उभ्या रेघा मारून दिल्या आणि पेन माझ्या हातात दिलं. महिना, ठरलेलं भाडं, मिळालेलं, तारीख, पावती आहे की नाही, बाकी. “तुम्हीच लिहा. उलटतपासणीत तुम्हालाच विचारतील.” यजमानांच्या बारीक अक्षरातल्या नोंदी बघून मी एकेक महिना त्या तक्त्यात उतरवत गेले. मध्येच त्यांचं अक्षर संपलं आणि पुढचे रकाने मोकळे राहिले. वकीलकाका काही बोलले नाहीत. पाणी आणून ठेवलं आणि दुसऱ्या कामाला लागले.

त्या तक्त्यावरून आमचा पहिला वाद झाला. शेवटच्या रकान्यात त्यांनी अडव्हान्सचे ५० हजार वजा लिहायला सांगितले. मला ते पटेना. ते पैसे यजमानांनी घराच्या दुरुस्तीत केव्हाच घातले होते. वकीलकाका म्हणाले, “खर्च तुम्ही केलात. पैसा त्याचाच आहे, तुमच्याकडे ठेवलेला.” मी रंगकामाचं एक महिन्याचं भाडंही धरलं होतं, कारण घर सोडताना रंगासाठी तेवढं कापून घेण्याचा या शहरात सर्रास रिवाज आहे. करारनाम्यात तसा शब्द नव्हता. त्यांनी ती ओळ खोडली. “एक पोकळ रक्कम घातलीत की खऱ्या रकमांकडेही कोर्ट संशयाने बघेल.”

दुसरा वाद उलटा होता. सुरुवातीच्या काही महिन्यांचा पुरावा मला कच्चा वाटत होता. म्हटलं, “ते राहू दे, अलीकडचंच मागू. जुनं जमलं तर नंतर बघू.” त्यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचं पुस्तक काढून दुसऱ्या आदेशाखालचं उदाहरण दाखवलं. वर्षाला १२०० रुपये भाड्याचं घर. १९०५, १९०६ आणि १९०७ अशा तीन वर्षांचं भाडं थकलेलं. मालक १९०८ मध्ये दावा करतो तो फक्त १९०६ च्या भाड्याचा. उरलेल्या दोन वर्षांच्या भाड्यासाठी त्याला पुन्हा दावा करता येत नाही. “मागायचं ते सगळं एकदम मागायचं. आणि तीन वर्षं उलटायच्या आत मागायचं, नाहीतर मुदतीचा कायदा आडवा येतो.” तीन वर्षं मोजायची ती ज्या त्या महिन्याचं भाडं देय झाल्यापासून, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या काल्पनिक घरमालकाला मी अजून विसरलेले नाही.

केम्पेगौडा रस्त्यालगतच्या सिटी सिव्हिल कोर्टाच्या आवारात मी नंतर किती वेळा गेले त्याची मोजदाद नाही. भाडेकरूने कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिलीच नाही. निकाल आमच्या बाजूने लागला: घराचा ताबा, भाडं आणि करार संपल्यानंतर राहिलेल्या काळाची भरपाई मिळून २ लाख २५ हजार, त्यातून अडव्हान्स वजा जाता १ लाख ७५ हजार, खटल्याचा खर्च, आणि रक्कम फिटेपर्यंत सालिना ६ टक्के व्याज. बेलीफ येऊन वरचा मजला रिकामा करून गेला. मी पेढे घेऊन चामराजपेठेत गेले. वकीलकाकांनी एक पेढा घेतला आणि म्हणाले, “आता खरं काम सुरू. हुकूमनामा म्हणजे कागद आहे ताई, पैसे नव्हेत.”

पैशासाठी वेगळी दरखास्त करावी लागते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. दरखास्त म्हणजे तरी काय? ऋणकोकडे काय आहे ते शोधून आपणच कोर्टाला सांगायचं, आणि त्यातलं कायद्याने चालेल तेवढंच जप्त करून मागायचं. माझ्याजवळ राग भरपूर होता, माहिती काहीच नव्हती. मी एकेक उपाय सुचवत गेले आणि वकीलकाका एकेक बाजूला ठेवत गेले. त्याचा मुलगा एका दुकानात नोकरीला होता, त्याचा पगार? हुकूमनामा बापावर आहे, मुलाच्या कमाईला हात लावता येत नाही. समजा बापालाच पगार असता, तरी पहिले १ हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून राहील तेवढ्यावरच जप्ती. घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईने धर्माने अंगावर ठेवायचे दागिने, यांना तर हातच लावायचा नाही.

मग मी पेटीचा विषय काढला. ताबा घेताना बेलिफाने वर राहिलेल्या सामानाची यादी केली होती, त्यात एक पत्र्याची पेटी होती. मुशी, लांब दांड्याचे चिमटे, फुंकणी, बारीक वजनाचा काटा. धंद्याचं ठेवणीतलं सामान तो घरी ठेवत असावा. मी म्हटलं, “हे तर विकता येईल?” वकीलकाकांनी संहितेचं कलम ६० काढलं. कारागिराची अवजारं जप्तीतून वगळलेली. मी चिडून विचारलं, “मग तुरुंगात तरी टाकता येतं ना?” ते त्या दिवशी जरा कडक झाले. म्हणाले, १९८० साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे, की नुसते पैसे दिले नाहीत म्हणून माणसाला डांबता येत नाही. जवळ असून बुडवतो आहे, हे दाखवावं लागतं. “आणि डांबलंत तर त्याच्या पोटाचा भत्ता कोर्टात तुम्हालाच भरावा लागेल. वर तो आत बसून कमावणार काय? त्याची भट्टी पेटली तरच तुमचं भाडं निघेल.”

मी गप्प झाले. पटलं होतं असं मात्र नाही. घरी येऊन रात्रभर चडफडत होते. ऋणको ज्याच्या बळावर कमावतो ते त्याच्याकडून काढून घ्यायचं नाही, हा कायदा कुणीतरी माझ्याविरुद्धच केला आहे असं वाटत होतं. तो माझ्याही हिताचा आहे हे उमगायला वेळ लागला, आणि उमगलं ते पेटीच्याच निमित्ताने.

तो पेटी न्यायला आला तेव्हा वकीलकाकांनी मला हजर राहायला सांगितलं होतं. यादीवर सही घ्यायची होती. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पेटी उघडली, एक मूस उचलली आणि बोटाच्या पेराने हलकेच वाजवली. कान देऊन ऐकलं. दुसरी वाजवली, तिचा आवाज बद्द आला. ती वेगळी ठेवली. मग काट्याची दोन्ही पारडी शर्टाच्या टोकाने पुसली. इतकी वर्षं हा माणूस माझ्या डोक्यावर राहत होता आणि तो काय काम करतो, कसं करतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं. सही करताना तो म्हणाला, “वहिनी, एका गिऱ्हाइकाचं सोनं गेलं होतं दुकानातून. ते भरत होतो.” खरं-खोटं मला ठाऊक नाही. त्याआधी हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, एवढं खरं.

हुकूमनामा झाल्यानंतर हप्ते पाडून द्यायचे तर हुकूमनामा ज्याच्या नावाचा त्याची संमती लागते. म्हणजे निर्णय माझा होता. वकीलकाकांनी आग्रह केला नाही. दोन्ही बाजूंचा हिशेब पुन्हा पाठकोऱ्या कागदावर मांडला. हप्ते नाकारले तर तारखांमागून तारखा, आणि जप्त करायला हाती फारसं काही नाही. हप्ते दिले तर महिन्याला ५ हजार, आणि चुकला तर दरखास्त पुढे चालवायची मुभा. मी संमती दिली. त्यात मोठेपणा काही नव्हता, दुसरी वाट दिसत नव्हती.

पहिला हप्ता त्याने घरी आणून रोख दिला. मी कपाटात ठेवला आणि विसरले. पुढच्या भेटीत वकीलकाकांनी विचारलं, “कोर्टात नोंदवला?” कोर्टाबाहेर घेतलेला पैसा हुकूमनामाधारकाने कोर्टाला कळवायचा असतो, नोंद नसेल तर दरखास्त चालवणारं कोर्ट तो पैसा हिशेबात धरत नाही. म्हणजे मनात आणलं असतं तर तेच पैसे मी त्याच्याकडून पुन्हा मागू शकले असते. वकीलकाका म्हणाले, “तो विसरला तर त्याचं नुकसान. तुम्ही विसरलात तर ती लबाडी.” त्या दिवसापासून हप्ता बँकेतूनच घ्यायचा आणि प्रत्येक हप्त्याची पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात द्यायची, असं ठरलं. समोरच्याचा हिशेबही आपणच सांभाळायचा असतो, हे मला तोवर कुणी शिकवलं नव्हतं.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. नगरतपेठ बंद, गलाईची दुकानं बंद, तो सगळं आवरून गावाकडे गेला. हप्ते थांबले. मार्चच्या अखेरीस केंद्र सरकारचा हुकूम आला होता, की कामगारांकडे, स्थलांतरित मजुरांकडे एक महिन्याचं घरभाडं मागू नये. मी वकीलकाकांना फोन केला. ते म्हणाले, “तो हुकूम चालू भाड्याचा. तुमची बाकी कोर्टाने ठरवलेली, तिला लागू नाही. कायदा तुम्हाला अडवत नाही. पण दरखास्तीला बारा वर्षांची मुदत आहे, घाई कसली?” मग नेहमीसारखं विचारलं, “ऊट आयता?” त्या दिवसांत मी एकटीच होते. हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

दुकानं उघडली तसे हप्ते पुन्हा सुरू झाले. व्याज सोडावं की नाही हे विचारायला वकीलकाका राहिले नव्हते. मधल्या काळात ते गेले, आणि टाळेबंदीच्या नियमांमुळे मला त्यांच्या घरीही जाता आलं नाही. व्याज मी सोडलं. मूळ रक्कम फिटली तेव्हा त्यांच्या हाताखालच्या तरुण वकिलाने पूर्ण वसुलीची पुरशिस दिली आणि दरखास्त निकाली निघाली. भाडेकरू त्या दिवशी कोर्टात आला होता. त्यानेच आधी वकीलकाकांची चौकशी केली. ते गेल्याचं कळल्यावर भिंतीला टेकून थोडा वेळ उभा राहिला. त्यांनी ज्याच्याविरुद्ध खटला लढवला, त्यालाही ते आपले वाटत होते, हे मला तिथे समजलं.

वकीलकाकांची फी मी दिली होती, तीही त्यांनी सांगितली तेवढी. बाकी जे मिळालं त्याला फी नव्हती. बँकेत एकटी जायला, करारनामा ओळीओळीने वाचायला, कन्नडमध्ये अर्ज लिहून घ्यायला, “हे मला समजलं नाही, पुन्हा सांगा” असं कुठल्याही खिडकीवर म्हणायला मी त्यांच्यामुळे शिकले. वरच्या मजल्यावर आता दुसरं कुटुंब राहतं. त्यांचा अडव्हान्स वेगळ्या मुदतठेवीत आहे. त्याला मी हात लावत नाही, कारण तो माझा नाही.

ओळखीच्या कुणाचं भाडं थकलं की कधीकधी मला विचारतात. मला कायदा येत नाही, आणि राज्याराज्यात तो वेगळा आहे. मी वकीलकाकांनी सांगितलं तेवढंच सांगते आणि वकिलाकडे पाठवते. तुमच्यावरही ही वेळ आली असेल तर कुलपाला आणि पाण्याच्या नळाला हात लावू नका. एक कागद घ्या, महिन्यावार तक्ता करा, अडव्हान्स प्रामाणिकपणे वजा करा, तीन वर्षं उलटण्याआधी सगळी बाकी एकदम मागा. मिळालेला प्रत्येक रुपया कोर्टात नोंदवा. आणि समोरचा माणूस पोट कशावर भरतो, हे दावा लावण्याआधी एकदा त्याला विचारा.